‘दोन जिवांची’ या संकल्पनेची चिकित्सा : गर्भवतीचे वजन, तिचे ताट आणि बाळाचे पोषण

सारांश :
मराठी भाषेत गर्भवती स्त्रीला ‘दोन जिवांची’ असे म्हटले जाते. या शब्दप्रयोगात तिच्या आहाराची, विश्रांतीची आणि सन्मानाची हमी अभिप्रेत आहे. प्रत्यक्षात साहित्य, वैद्यकशास्त्र आणि शासकीय योजना या तिन्ही क्षेत्रांत दुसऱ्या जिवाचाच विचार प्राधान्याने झालेला आढळतो. पहिला जीव हे दुसऱ्याचे केवळ साधन मानले जाते. महाराष्ट्रात झालेल्या दोन महत्त्वाच्या अभ्यासांच्या आधारे, गर्भधारणेपूर्वीचे स्त्रीचे वजन आणि कुटुंबातील तिचे स्थान यांचा विचार केल्याशिवाय बाळाच्या पोषणाचा प्रश्न सुटणार नाही, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

बीजशब्द : गर्भवती, डोहाळे, जन्मवजन, मातृपोषण, सूक्ष्म पोषकद्रव्ये, श्रम, सासर-माहेर

प्रस्तावना :
एखाद्या समाजाच्या भाषेत रूढ झालेले शब्दप्रयोग हे त्या समाजाच्या मूल्यव्यवस्थेचे निदर्शक असतात. ‘दोन जिवांची’, ‘पोटुशी’, ‘गरोदर’, ‘दिवस गेलेली’ असे अनेक शब्द मराठीत गर्भवतीसाठी वापरले जातात. त्यांपैकी ‘दोन जिवांची’ हा शब्दप्रयोग सर्वांत अर्थगर्भ आहे. त्यात गणित आहे आणि त्या गणितातून निघणारे कर्तव्यही आहे. जीव दोन, म्हणून घासही दोघांचे असावेत, जड ओझे तिने उचलू नये, तिचे मन दुखवू नये, असा सगळा आचारधर्म या दोन शब्दांत सामावलेला आहे.

परंतु शब्दप्रयोग आणि व्यवहार यांत मोठे अंतर आहे. ज्या घरात सुनेला ‘दोन जिवांची’ म्हणून ओळखले जाते, त्याच घरात ती सर्वांची जेवणे उरकल्यावर उरलेल्यावर भागवते, हे चित्र अपवादात्मक नाही. शिवाय फार खाल्ले तर मूल मोठे होऊन बाळंतपण अवघड होईल, या समजुतीने गर्भवतीचे जेवण कमी करण्याची प्रथाही भारताच्या अनेक भागांत नोंदवली गेली आहे. म्हणजे एकीकडे दोघांचे खाण्याचा उपदेश, तर दुसरीकडे एकीच्याही वाट्याला पुरेसे न येणे, असा हा अंतर्विरोध आहे. या अंतर्विरोधाची चिकित्सा करणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी वाङ्मयीन परंपरा, पोषणशास्त्रीय संशोधन आणि शासकीय धोरण या तीन क्षेत्रांचा क्रमाने विचार केला आहे.

डोहाळे : वाङ्मयीन संकेत आणि त्याच्या मर्यादा :
‘डोहाळे’ हा शब्द संस्कृत ‘दोहद’ या शब्दावरून आला आहे. आयुर्वेदात गर्भवतीला ‘दौहृदिनी’ म्हटले आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते आणि त्यामुळे स्त्री दोन हृदयांची होते, असे प्रतिपादन आहे. तिची इच्छा ही गर्भाची इच्छा होय; ती अपुरी राहिल्यास अपत्यात व्यंग निर्माण होते, असा इशाराही तेथे दिला आहे. चरकसंहितेत तर गर्भिणीसाठी महिन्यागणिक दूध, लोणी, तूप यांचा आहार सांगितला आहे. गर्भवतीच्या आहाराकडे इतक्या प्राचीन काळी लक्ष दिले गेले, ही गोष्ट निश्चितच गौरवाची आहे. मात्र दोन बाबी नजरेआड करता येत नाहीत. पहिली, हा सर्व आहार दुभते असलेल्या घराला गृहीत धरतो. दुसरी, स्त्रीच्या इच्छेला मान्यता मिळते ती ती गर्भाची इच्छा आहे म्हणून. तिची स्वतःची म्हणून नव्हे.

हाच दृष्टिकोन अभिजात साहित्यात अधिक ठळक झालेला दिसतो. कालिदासाच्या ‘रघुवंशा’तील तिसऱ्या सर्गात राणी सुदक्षिणा गर्भवती असताना माती खाते. राजा दिलीप तिला काय हवे-नको ते तिच्या सख्यांना पुन्हा पुन्हा विचारतो. पतीच्या या काळजीचे चित्रण हृद्य आहे. परंतु तिच्या माती खाण्याचा कवीने लावलेला अर्थ विचारात घेण्याजोगा आहे. होणारा पुत्र पुढे पृथ्वीचा उपभोग घेणार, म्हणून आईला मातीची रुची उत्पन्न झाली, अशी ती उत्प्रेक्षा आहे. आजचे वैद्यकशास्त्र माती खाण्याच्या इच्छेचा संबंध अनेकदा लोहाच्या कमतरतेशी जोडते. काव्यात ही उत्प्रेक्षा सुंदर आहेच, आणि काव्याला वैद्यकाच्या कसोटीवर नापास करणे हा समीक्षेचा हेतू असू शकत नाही. तथापि स्त्रीच्या शरीरातील उणीव पुत्राच्या भाग्याचे चिन्ह म्हणून वाचली गेली, हे वाचनाचे वळण पुढे समाजमनात खोल रुजले, असे म्हणावे लागते.

भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’त या संकेताची दुसरी, दारुण बाजू दिसते. पहिल्या अंकात गर्भवती सीता वने आणि भागीरथी पुन्हा पाहण्याची इच्छा व्यक्त करते. राम तिचा हा डोहाळा पुरवण्यासाठी रथ सज्ज करण्यास सांगतो आणि लोकापवादाची वार्ता कानी येताच तोच रथ तिच्या त्यागाचे साधन होतो. डोहाळा पुरवला गेला, पण तो पुरवणाऱ्या व्यवस्थेत तिला स्वतःचे स्थान नव्हते, हे भवभूतीने ज्या तीव्रतेने दाखवले आहे त्याला तोड नाही. सीतेचे डोहाळे मराठी लोकगीतांतही येतात. तेथे गाणारी स्त्री सीतेच्या निमित्ताने आपल्याच मनातील खाण्यापिण्याच्या आणि माहेरच्या इच्छा बोलून दाखवते. जे सासरी उघडपणे मागता येत नाही ते गीतातून मागितले जाते, हे या गीतांचे सामाजिक महत्त्व होय.

डोहाळजेवण हा या परंपरेतील उत्सवी प्रसंग. हिरवी साडी, फुलांची वाडी, ओटी आणि पंचपक्वान्ने असा त्याचा थाट असतो. पण तो बहुधा सातव्या महिन्यात आणि तोही एक दिवस होतो. त्यानंतर पहिल्या बाळंतपणासाठी मुलीला माहेरी नेण्याची प्रथा आहे. या प्रथेचा एक अर्थ असाही लावता येतो की, सासरच्या स्वयंपाकघरात तिला हवे ते आणि हवे तेव्हा मिळणार नाही, याची समाजाला पूर्ण जाणीव होती. गर्भाचे वजन शेवटच्या तीन महिन्यांत झपाट्याने वाढते, त्यामुळे या प्रथेचा शारीरिक लाभही नाकारता येत नाही. मात्र तिचा लाभ मुख्यतः पहिल्या खेपेला होतो. पुढच्या खेपांना ती सहसा सासरीच असते. बाळंतपणानंतरचे अळिवाचे आणि डिंकाचे लाडू, शेक-शेगडी आणि सव्वा महिन्याची विश्रांती याही गोष्टी मोलाच्या आहेत; परंतु त्या मूल जन्माला आल्यावरच्या आहेत.

वजन नेमके कशाचे? :
गर्भारपणात वाढणारे वजन म्हणजे बाळाचे वजन, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. संशोधक हिटन यांनी मांडलेल्या आणि पुढे पाठ्यपुस्तकांत रूढ झालेल्या हिशेबानुसार सुमारे १२.५ किलो वाढीपैकी बाळाचे वजन ३.४ किलो असते. वार सुमारे ६५० ग्रॅम, गर्भजल ८०० ग्रॅम, वाढलेले गर्भाशय जवळपास एक किलो, स्तनांची वाढ ४०० ग्रॅम, वाढलेले रक्त सुमारे दीड किलो आणि शरीरातील अन्य द्रव तितकेच असते. उरलेले सुमारे ३.३ किलो हा मेदाचा साठा होय. हा साठा म्हणजे पुढे बाळाला पाजण्यासाठी निसर्गाने केलेली बेगमी आहे.

अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने २००९ मध्ये सुधारलेल्या शिफारशींनुसार, उंचीच्या मानाने ज्या स्त्रीचे वजन कमी आहे तिचे वजन गर्भारपणात १२.५ ते १८ किलोंनी वाढावे. सर्वसाधारण वजनाच्या स्त्रीचे ११.५ ते १६, वजन जास्त असलेल्या स्त्रीचे ७ ते ११.५ आणि स्थूल स्त्रीचे ५ ते ९ किलोंनी वाढावे. म्हणजे जी मुळात कृश, तिला अधिक वाढीची गरज असते.

या पार्श्वभूमीवर डायान कॉफी यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला निष्कर्ष अस्वस्थ करणारा आहे. राष्ट्रीय पाहणीच्या २००५-०६ मधील आकडेवारीवरून त्यांनी अंदाज केला की, भारतातील ४२.२ टक्के स्त्रिया गर्भधारणेच्या वेळी कमी वजनाच्या होत्या. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत हेच प्रमाण १६.५ टक्के होते. भारतीय स्त्रीचे गर्भारपणातील वजन सरासरी जेमतेम ७ किलोंनी वाढत होते. वर दिलेला हिशेब येथे लावून पाहावा. मेदाचा साठा पूर्णपणे वगळला आणि बाळ पावणेतीन किलोंचे धरले, तरी उरलेल्या बाबींची बेरीज आठ किलोंच्या पुढे जाते. ती सात किलोंत बसत नाही. ही तूट एक तर स्त्रीच्या हाडामांसातून भरली जाते किंवा बाळाच्या वाट्यातून. भाषेने ज्यांना दोन जीव म्हटले, त्या दोघांमध्ये अशा वेळी वाटणीचा झगडा सुरू होतो.

जन्मवजन हा आरसा अपुरा :
जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार २,५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे बाळ हे ‘कमी वजनाचे’ मानले जाते. सोय म्हणून ही रेषा उपयुक्त आहे. परंतु जन्मवजनालाच आईच्या आणि बाळाच्या पोषणाचा एकमेव निकष मानणे कितपत योग्य, हा प्रश्न दोन ऐतिहासिक अभ्यासांनी उपस्थित केला आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मन सैन्याच्या नाकेबंदीमुळे नेदरलँड्सच्या पश्चिम भागात भीषण उपासमार झाली. प्रौढांचे दैनंदिन शिधापत्रकी अन्न १,००० किलोकॅलरींच्याही खाली गेले. ज्या मातांना गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत उपास घडले, त्यांची बाळे स्पष्टपणे हलकी निपजली. ज्यांना सुरुवातीच्या महिन्यांत उपासमार झाली आणि नंतर पुरेसे अन्न मिळाले, त्यांच्या बाळांचे जन्मवजन मात्र जवळपास सर्वसाधारण होते. तरीही मोठेपणी याच गटात हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळले. तराजूने या बाळांना निर्दोष ठरवले होते.

इंग्लंडमधील डेव्हिड बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये हर्टफर्डशायर परगण्यातील जुन्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांच्या बालपणीच्या वजनाच्या नोंदी आणि त्यांच्या मृत्यूची कारणे त्यांनी ताडून पाहिली. ज्यांचे वजन जन्मतः व वर्षाच्या वयात कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक होते. प्रौढपणीच्या रोगांची मुळे गर्भावस्थेत असू शकतात, या विचाराला येथून बळ मिळाले. या नोंदी दाया आणि आरोग्यसेविका घरोघर जाऊन ठेवत असत, त्यामुळे बाळाच्या वजनाची आणि त्याला काय पाजले जाते याची माहिती त्यांत मिळते. परंतु बाळाची आई किती वजनाची होती, हे या नोंदवह्या सांगत नाहीत. ही उणीव पुढील संशोधनात महाराष्ट्रातील अभ्यासांनी भरून काढली, हे येथे आवर्जून नमूद करावयास हवे.

पुणे परिसरातील अभ्यास :
पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि साउदॅम्प्टन येथील डॉ. कॅरोलिन फॉल यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा गावांत ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ हा प्रकल्प सुरू झाला. त्याचे वैशिष्ट्य असे की, स्त्रियांची मोजमापे गर्भधारणेच्या आधीच घेण्यात आली. पहिला जीव दुसऱ्याच्या आधी मोजला गेला. या शेतकरी कुटुंबांतील स्त्रियांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन ४२ किलोंच्या आसपास आणि उंची सुमारे १५२ सेंटिमीटर होती. बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. साउदॅम्प्टन येथील बाळांचे ते ३.५ किलो होते.

डॉ. शोभा राव आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधानुसार या स्त्रियांच्या आहारात गर्भारपणाच्या १८व्या आठवड्यात सुमारे १,७७० किलोकॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिने होती. २८व्या आठवड्यात हेच प्रमाण सुमारे १,६७० किलोकॅलरी आणि ४३.५ ग्रॅमपर्यंत उतरले होते. महिने सरत गेले, गरज वाढत गेली आणि ताट मात्र लहान होत गेले. ‘दोन जिवांची’ या शब्दाचा व्यवहारातील अर्थ या दोन आकड्यांत दिसतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीत रोज ३५० किलोकॅलरींची भर अपेक्षित आहे. येथे भर तर नाहीच, उलट घट आहे.

या अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष अधिक उद्बोधक आहे. बाळाच्या आकारमानाचा संबंध आहारातील एकूण उष्मांकांपेक्षा दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे किती वेळा खाल्ली जातात याच्याशी अधिक आढळला. म्हणजे प्रश्न भाकरीच्या संख्येपुरता मर्यादित नाही. भाकरीबरोबर मेथी-राजगिरा आहे की नुसती चटणी, आणि घरात असलेले दूध डेअरीला जाते की गर्भवतीच्या पेल्यात उतरते, हाही प्रश्न आहे. गोठा आपल्या दारात असूनही दुधाचा पेला सुनेपर्यंत न पोहोचणे ही ग्रामीण अर्थव्यवस्थेची आणि कुटुंबव्यवस्थेची संयुक्त समस्या आहे.

या बाळांचे शरीर कसे होते? २००३ मध्ये डॉ. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी मांडले की, इंग्लंडमधील बाळांच्या तुलनेत ही बाळे सर्व बाबतींत लहान होती; त्यांचे स्नायू आणि पोटातील अवयव विशेष लहान होते, परंतु त्वचेखालील मेद त्या मानाने टिकून होता. ‘थिन-फॅट’ म्हणजे दिसायला किडकिडीत पण मेदाने युक्त, असे त्यांनी या बाळांचे वर्णन केले. पुढे मधुमेहाकडे झुकणारी शरीररचना जन्मतःच दिसू लागते, असा याचा आशय आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार यांपैकी बहुसंख्य मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती. ज्या मातांमध्ये ब-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला होणारा विरोध सर्वाधिक आढळला. ब-१२ हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस, मासे अशा प्राणिज अन्नातूनच मिळते. केवळ गोळ्या वाटून आणि वजन वाढवून आहाराचे संतुलन साधत नाही, हा यातील बोध होय.

मुंबईतील प्रयोग : उशिरा दिलेला घास :
पुण्यातील निष्कर्ष हे निरीक्षणावर आधारित होते. त्यांची कसोटी मुंबईत घेतली गेली. २००६ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील स्त्रियांवर डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी एक व्यापक प्रयोग केला. ६,५१३ स्त्रियांची दोन गटांत विभागणी करून एका गटाला पालेभाजी, फळे आणि दूध असलेला, तर दुसऱ्या गटाला बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा खाऊ रोज देण्यात आला. हा खाऊ गर्भधारणेच्या आधीपासून सुरू होता, हे त्याचे महत्त्व.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सरळ नाहीत. एकंदर विचार करता बाळांच्या वजनात केवळ २६ ग्रॅमचा फरक पडला आणि तो संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक नव्हता. ज्यांनी गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने खाऊ सुरू केला होता, त्यांच्या बाळांत तो ४८ ग्रॅम होता. परंतु लाभाची वाटणी विषम होती. सर्वांत कृश मातांच्या बाळांचे वजन वाढले नाही. मध्यम वजनाच्या मातांच्या बाळांत सुमारे ३४ ग्रॅम आणि त्याहून भरलेल्या शरीराच्या मातांच्या बाळांत ९६ ग्रॅम वाढ दिसली. ज्यांना गरज सर्वाधिक, त्यांच्या बाळांपर्यंत तो घास पोहोचला नाही. कृश स्त्रीचे शरीर कदाचित मिळालेला घास आधी स्वतःच्या तुटीसाठी वापरत असावे, असे अनुमान करता येते. या प्रयोगाचा दुसरा फायदा नंतर पुढे आला. खाऊ मिळालेल्या गटात गर्भारपणातील मधुमेहाचे प्रमाण ७.३ टक्के, तर दुसऱ्या गटात १२.४ टक्के होते. हा लाभ आईचा आहे. जन्मवजन हाच यशाचा एकमेव निकष मानला असता, तर तो दुर्लक्षितच राहिला असता.

या निष्कर्षांवरून ‘आहार दिल्याने फारसे काही होत नाही’ असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. उलट, गर्भवतीच्या पोषणाची सुरुवात गर्भारपणात करणे हेच उशिराचे आहे, असा त्याचा अर्थ आहे. गर्भाच्या मज्जारज्जूची नलिका पहिल्या चार आठवड्यांत बंद होते. त्या वेळी अनेक स्त्रियांना आपल्याला दिवस गेल्याचे कळलेलेही नसते.

श्रम आणि विश्रांती :
वजनाचा हिशेब केवळ जमेच्या बाजूने करता येत नाही. पुणे परिसरातील अभ्यासात २००३ मध्ये असेही दिसून आले की, शेतातील कष्ट आणि पाणी आणणे अशा जड कामांचा भार ज्यांच्यावर अधिक होता, त्यांची बाळे हलकी होती आणि त्यांच्या डोक्याचा घेरही कमी होता. ज्या स्त्रीला सातव्या महिन्यातही खुरपणी चुकत नाही आणि डोक्यावरचा हंडा उतरत नाही, तिच्या ताटात एक वाटी डाळ वाढवून तूट भरत नाही.

या प्रश्नाची जाण महाराष्ट्रातील सार्वजनिक जीवनात नवी नाही. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभ विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा जोरदार पुरस्कार केला. आईला प्रसूतीपूर्वी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूतिलाभ कायदा संमत झाला. त्याचा लाभ कारखान्यांतील स्त्रियांना मिळाला. पुढे १९६१ चा केंद्रीय कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने भरपगारी रजा २६ आठवड्यांपर्यंत वाढली. मात्र शेतमजूर, ऊसतोड कामगार आणि घरकामगार स्त्रिया अशा रजेच्या प्रत्यक्ष लाभाबाहेरच राहिल्या. कोयता थांबला की मजुरी थांबते, हे त्यांचे वास्तव आहे.

शासकीय योजनांची भाषा :
एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्या नावातच बाल आहे. गर्भवतीला अंगणवाडीतून रोज ६०० किलोकॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने असलेला पूरक आहार देण्याचे २००९ चे निकष होते. घरी नेण्यासाठी दिलेला हा शिधा घरातील सर्वांत वाटला जातो, ही तिची जुनी अडचण. ती ओळखून महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये आदिवासी भागांसाठी डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. तीत अंगणवाडीतच गरम, चौरस जेवण देण्याची तरतूद आहे. बाईला बसवून जेवू घालणे ही कल्पना स्वागतार्ह आहे. तथापि ही योजना शेवटच्या तिमाहीपासून सुरू होते. म्हणजे परंपरेतील डोहाळजेवण आणि शासनाचे जेवण दोन्ही सातव्या महिन्यातच पोहोचतात.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने गर्भवतीला किमान ६,००० रुपयांचा प्रसूतिलाभ हक्क म्हणून दिला. २०१७ च्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत प्रत्यक्षात पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये ठेवण्यात आले. २०२२ मध्ये दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपयांची भर घालण्यात आली. दुसऱ्या खेपेच्या मुलाची आई कमी भुकेली असते, असे मानण्यास कोणताही शास्त्रीय आधार नाही. मुलीच्या जन्माचे स्वागत व्हावे हा हेतू स्तुत्य असला, तरी स्त्रीचा पोषणाचा हक्क तिच्या पोटातील अपत्याच्या लिंगावर अवलंबून ठेवणे तर्काला धरून नाही. रघुवंशातील मातीच्या डोहाळ्याप्रमाणे येथेही आईच्या गरजेचा अर्थ अपत्यावरून लावला गेला आहे.

दोष कोणाचा? :
गर्भावस्थेतील पोषणाचे महत्त्व सिद्ध होत गेले तसा एक नवा धोका निर्माण झाला. बाळाच्या पुढील आयुष्यातील प्रत्येक विकाराचे खापर आईवर फोडण्याचा हा धोका होय. सारा रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात याविषयी स्पष्ट इशारा दिला आहे. भारतीय संदर्भात हा इशारा अधिक गांभीर्याने घ्यावयास हवा, कारण येथे सुनेला दोष देण्याची परंपरा आधीच बळकट आहे. ‘तिने नीट खाल्ले नाही’ हे वाक्य उच्चारण्यापूर्वी ‘तिला कोणी वाढले’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. ग्रामीण एकत्र कुटुंबांचा अभ्यास करून कॉफी आणि सहकाऱ्यांनी दाखवले आहे की, एकाच घरात, एकाच चुलीवर जेवणाऱ्या दोन जावांपैकी धाकट्या जावेची मुले उंचीने कमी भरतात. घराचे उत्पन्न तेच, शिवारही तेच. फरक घरातील स्थानाचा आहे.

चित्र एकरंगी नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार कमी वजनाच्या स्त्रियांचे प्रमाण २००५-०६ मधील ३५.५ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये १८.७ टक्क्यांवर आले. त्याच पाहणीत २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर होते आणि ५२.२ टक्के गर्भवतींमध्ये रक्तक्षय होता. म्हणजे वजन वाढले, पण रक्त वाढले नाही. शहरी मध्यमवर्गात ‘दोघांचे खा’ हा आग्रह आता अनेकदा वजन आणि साखर वाढवणारा ठरतो. अशा स्त्रीला दुप्पट घासांची नव्हे, तर निवडक आणि सकस घासांची गरज असते. एकाच शब्दप्रयोगाने दोन्ही स्त्रियांना सल्ला देता येत नाही.

बाळ जन्मल्यावरही पहिल्या जिवाचा प्रश्न संपत नाही. पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस सर्वमान्य आहे. कृश आईलाही सहसा बाळापुरते दूध येते, हा निसर्गाचा मोठेपणा. परंतु दुधातील ब-१२ आणि अ यांसारखी जीवनसत्त्वे आईच्या आहारावर अवलंबून असतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद या काळात रोज ६०० किलोकॅलरींची भर सुचवते; म्हणजे गर्भारपणापेक्षाही अधिक. बाळाचे ताट म्हणजे आईचेच ताट होय.

निष्कर्ष :
१. ‘दोन जिवांची’ हा शब्दप्रयोग स्त्रीला सन्मान देणारा असला तरी वाङ्मयात, संशोधनात आणि धोरणात त्याचा अर्थ बहुतांशी दुसऱ्या जिवापुरता मर्यादित राहिला आहे.
२. जन्मवजन हा आवश्यक परंतु अपुरा निकष आहे. त्याच्या जोडीला स्त्रीचे गर्भधारणेपूर्वीचे वजन, गर्भारपणातील वाढ आणि तिचे रक्त यांची नोंद समान महत्त्वाची मानली जावी.
३. पुणे आणि मुंबई येथील अभ्यासांवरून पोषणाची सुरुवात किशोरवयात आणि विवाहापूर्वी होणे आवश्यक ठरते. या वयातील विद्यार्थिनी कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालयांत असल्याने या विषयात महाविद्यालयांची जबाबदारी थेट आहे. वजन, उंची आणि हिमोग्लोबिन यांची वार्षिक तपासणी हा त्यातील सहजसाध्य भाग होय.
४. आहाराबरोबर श्रमाचा आणि कुटुंबातील स्थानाचा विचार झाल्याशिवाय योजनांचा लाभ सर्वांत कृश स्त्रीपर्यंत पोहोचणार नाही.
५. प्रसूतिलाभ हा प्रत्येक गर्भारपणासाठी, अपत्याच्या क्रमांकाचा व लिंगाचा विचार न करता मिळावयास हवा.

गर्भवतीला दोन जिवांची म्हणण्यापूर्वी ती स्वतः एक पूर्ण जीव आहे, हे मान्य करणे अगत्याचे आहे. बाळाच्या पोषणाचा हिशेब त्या एका जिवापासून आणि तो एकच असतो तेव्हापासून मांडला गेला, तरच तो जुळेल.